शेरा

ऑफिसातून तक्ता आला आहे:
वर्गात वापरण्याजोगी बातम्यांची ठिकाणं, गुण दहापैकी.
तारीख आहे का, नाव आहे का,
कुणी सांगितलं ते लिहिलंय का, फोटो कुठला,
भाषा शुद्ध आहे का.
सहावा रकाना शेरा, बोटभर रुंद.
शनिवारपर्यंत भरून द्या, लिमकर बाई म्हणाल्या,
आणि माझं पेन घेऊन गेल्या ते गेल्याच.

आज गुरुवार, पर्वतीच्या या अंगाला वीज नाही.
म्हणून काल रात्रीच दांडेकर पुलापाशी
रुपयाला एक पान अशा बातम्या छापून आणल्या.
चौदा पानं. एक कोरंच आलं, त्याचाही रुपया घेतला.

नववी ब. पटावर बावन्न, हजर एकेचाळीस.
मी फळ्यावर लिहिते: लोकांनी पसंत केली
की बातमी वर चढते.
तहसीन बागवान हात वर न करताच म्हणते,
"बाई, म्हणजे आमच्या नळासारखं.
जिचा आवाज मोठा तिचा हंडा पुढे."
कुठल्या रकान्यात बसतं ते नंतर बघू,
मी लिहून ठेवते.

तळजाईवर बिबट्या: फोटोत मागे बर्फ. शून्य.
दहावीची परीक्षा रद्द: सगळ्यांनाच हवी होती,
पण तारीख नाही. जड मनाने दोन.
लसणाने मोबाइलची रेंज वाढते:
याला गुण द्यायचे की फोडणी, मागच्या बाकावरून.

मग सातवं पान आणि अकरावं.
घटना एकच, कॅनॉलकाठच्या वस्तीतली आग, गेल्या डिसेंबरातली.
सातव्यावर वेळ आहे, वॉर्ड आहे, बातमीदाराचं नाव,
साहेबांचं म्हणणं अवतरणात,
ऱ्हस्वदीर्घ असं की माझी मलाच लाज वाटली.
शेवटची ओळ: घरी एकट्या असलेल्या मुलाने
शेगडी चालू ठेवल्याने दुर्घटना.
नऊ, वर्ग म्हणाला. साडेनऊ, तहसीन.

अकराव्यावर नाव नाही, गाव नाही, उद्गारचिन्हं पाच.
वायर दोन मैने लोंबत होती आम्ही अर्ज दिलता
पोरगं घरी नवतंच ते दळण आणाया गेलतं
तीन, वर्ग म्हणाला.
पासलकरने अडीच केले, शुद्धलेखनाचा अर्धा कापून.

तेव्हा सुमेध ओव्हाळ उभा राहिला.
जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून आलेला,
प्रार्थनेतही ओठ न हलवणारा.
"दळण मीच आणत होतो, बाई.
ज्वारी, पाच किलो. पिशवी पोटाशी धरलेली, पीठ गरम होतं.
वळणावरून धूर दिसला."
आणि बसला.
पंखा तसाही बंदच होता.

मी म्हणायला हवं होतं
की सुमेधचंही तपासावं लागेल,
आठवडाभर हेच तर शिकवतेय.
जीभ उचलली नाही.
पासलकरनेच विचारलं, बाकाकडे बघत,
"गिरणी कुठली?"
"बोत्र्यांची."
"ते वही ठेवतात उधारीची. तारीख घालून."

शाळा सुटल्यावर नऊ जण गेलो.
बोत्र्यांच्या भुवयांवर पीठ.
त्यांनी थुंकी लावून पानं मागे उलटली:
ओव्हाळ, ज्वारी ५, बाकी.
तारीख होती. वेळ नव्हती.
"वेळ कोण लिहितं?" ते म्हणाले.
"पण याचं दळण झालं आणि लाइट गेली.
मागचे अकरा डबे तसेच राहिले,
बायका माझ्यावर ओरडत होत्या, म्हणून लक्षात आहे."
कोरं आलेलं पान पासलकरने उपयोगी आणलं,
वहीतली ओळ उतरवून घेतली, खाली बोत्र्यांची सही.
सुमेध बाहेरच उभा होता, वजनकाट्यापाशी.
ती बाकी किती, एवढंच त्याने विचारलं.

शनिवारी तक्ता दिला, पेन्सिलीने भरलेला.
लिमकर बाईंनी चष्मा वर केला,
शेऱ्यावर बोट ठेवलं.
"बोत्रे पिठाची गिरणी," त्यांनी वाचलं.
"ही कुठली वेबसाइट?"